अनोळखी माणूस उंबरठ्यावर



दुकान वाढवण्याची वेळ झालेली असते. शटर अर्ध्यावर आलेले, मुनीमजी गल्ल्यातील नोटा लावून घेत आहेत, नोकर बाहेर मांडलेला माल आत ओढतो आहे. अशा वेळी एक अपरिचित इसम आत शिरतो. बिलाशिवाय नेलेली वस्तू परत घ्या म्हणतो, नकार मिळताच आवाज चढवतो, काउंटरवर हात आपटतो, घरच्या स्त्रियांवरून अपशब्द काढतो आणि ‘बाहेर भेट, मग दाखवतो’ असे बजावून निघून जातो. सारा प्रकार तीन-चार मिनिटांचा. कोणाला इजा झालेली नसते, गल्ला जागच्या जागी असतो, चोरीला काहीच गेलेले नसते. तरीही त्या रात्री त्या घरात कोणाचा डोळा लागत नाही.

नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा या गावांत पिढ्यान्‌पिढ्या पेढी चालवणाऱ्या कुटुंबांना हा प्रसंग परका वाटू नये. आपला व्यवसायच असा आहे की, दार उघडे ठेवल्याशिवाय तो चालत नाही. मिरचीच्या हंगामात तर पथारींवर, आडतीवर, वजनकाट्यापाशी दिवसभरात शेकडो अनोळखी माणसे भेटतात. त्यांच्यापैकी कोणी भिली बोलतो, कोणी पावरी, कोणी अहिराणी, कोणी गुजराती, आणि मिरची न्यायला आलेला परप्रांतीय ट्रकचालक यांपैकी काहीच बोलत नाही. अनोळखी माणसाला भ्यायचे ठरवले तर नंदुरबारात व्यापार करता येणार नाही.

असा प्रसंग घडून गेल्यावर घरात सहसा तीन मते निघतात. वडीलधारे म्हणतात, झाले ते झाले, विसरून जा. तरुण मुलगा म्हणतो, काउंटरखाली एखादे हत्यार असलेच पाहिजे. आई म्हणते, उद्यापासून सूनबाईंनी संध्याकाळी दुकानात बसू नये. याखेरीज चौथी एक गोष्ट घडते, आणि ती कोणाला न विचारताच घडते. मुलगा कॅमेऱ्याच्या चित्रणातून त्या माणसाचा चेहरा काढतो आणि व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतो : ‘हा माणूस दिसल्यास सावध राहा, पुढे पाठवा.’ पहिल्या तीन मतांविषयी घरात चर्चा तरी होते. मला सर्वांत अधिक भय या चौथ्या गोष्टीचे वाटते. म्हणून आरंभ तिच्यापासूनच करतो.

नवापूरहून चरणमाळचा घाट ओलांडला की साक्री तालुक्यातील पिंपळनेर लागते. त्याच परिसरात राईनपाडा नावाचे लहानसे गाव आहे. १ जुलै २०१८, रविवार, गावचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जण त्या बाजारात आले. त्यांच्यापैकी बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे. भिक्षा मागून पोट भरणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. मुले पळवणारी टोळी परिसरात हिंडत आहे, असे संदेश त्याआधी कित्येक दिवस लोकांच्या भ्रमणध्वनींवर फिरत होते. त्यांच्यापैकी एकजण एका लहान मुलीशी बोलला, एवढे निमित्त पुरले. जमावाने त्यांना धरले, मारले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पुन्हा मारले. पाचही जण मरण पावले. त्यांनी कोणाचेही मूल पळवलेले नव्हते.

योगायोग असा की १ जुलै हा आपल्या जिल्ह्याचा स्थापनादिनही आहे. १९९८ साली याच दिवशी धुळ्यापासून नंदुरबार वेगळा झाला. त्या दिवशी जिल्ह्याला वीस वर्षे पूर्ण होत होती. पुढे १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला यांच्या याचिकेवर निकाल देताना झुंडबळींविषयी राज्यांना सविस्तर निर्देश दिले, आणि प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी या कामी नेमण्यास सांगितले. व्हॉट्सॲपनेही त्याच महिन्यात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठवण्यावर भारतात मर्यादा आणली. तरी १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशाच अफवेतून मारले गेले.

आपल्या गटावर चेहरा टाकणारा मुलगा राईनपाड्याच्या जमावासारखा नाही, हे मला मान्य आहे. तो सुशिक्षित आहे, घाबरलेला आहे आणि इतर दुकानदारांचे भले व्हावे म्हणूनच तो ते करतो. पण त्या चित्राबरोबर त्या माणसाचे नाव जात नाही, भांडण कशावरून झाले ते जात नाही. तिसऱ्या गटावर पोहोचेपर्यंत ‘वाद घालणारा’ या शब्दाचा ‘चोर’ होतो, आणि पाचव्या गटावर तो ‘टोळीतला’ होतो. मग कोणत्या तरी गावच्या बाजारात त्याच्यासारखी दाढी किंवा त्याच्यासारखा सदरा असलेला दुसराच एखादा माणूस हेरला जातो. त्याला आपण काय उत्तर देणार? कायद्याच्या बाजूनेही हे निर्धास्त नाही. सिद्ध न झालेला आरोप जाहीरपणे करणे ही बदनामी ठरू शकते, आणि भय पसरवणारी अफवा फिरवणे हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे. चित्रण पोलिसांना द्यावे. गटावर फार तर एवढे लिहावे की, अमुक भागात संध्याकाळी असा प्रकार घडला, सर्वांनी दुकान वाढवताना एकटे राहू नये. चेहऱ्याची त्यात गरज नाही.

आपल्या आचार्यांनी श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरती सांगितली आहे, म्हणजे निष्प्रयोजन पापापासून दूर राहणे. दिगंबर परंपरेत तिचे पाच प्रकार मोजले जातात. त्यांपैकी ‘दुःश्रुती’ म्हणजे मन कलुषित करणाऱ्या गोष्टी ऐकणे, ‘हिंसादान’ म्हणजे हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे आणि ‘प्रमादचर्या’ म्हणजे बेफिकिरीने वागणे. भ्रमणध्वनी ज्यांनी कधी पाहिला नाही, त्यांनी हे लिहिले आहे. मागून आलेला संदेश न तपासता पुढे पाठवणारा माणूस एकाच बोटाने हे तिन्ही दोष करतो, असे मला वाटते; याविषयी आपल्या स्वाध्याय मंडळांत चर्चा व्हावी.

आता सावधपणाविषयी. सावध राहणे आणि संशय घेणे यांतला भेद आपल्या धर्मात इतका स्पष्ट सांगितला आहे की, तो बाहेरून शिकण्याचे कारण नाही. साधू-साध्वी ईर्यासमितीचे पालन करतात. बैलगाडीच्या जुवाएवढी, सुमारे चार हात, पुढची जमीन पाहत पाऊल टाकायचे. चालताना बोलायचे नाही, इकडेतिकडे मन जाऊ द्यायचे नाही. हे पाहणे जीवरक्षणासाठी आहे, भीतीपोटी नाही. ज्या साध्वीजी अशा चालतात, त्यांना रस्त्यावरील मुंगीही दिसते आणि मागून येणाऱ्या ट्रकची चाहूलही लागते. दुकानातून बाहेर पडताना मान खाली घालून भ्रमणध्वनी पाहत मोटारसायकलकडे जाणारा गृहस्थ नेमका याच्या उलट वागत असतो.

पाश्चात्त्य जगात जेफ कूपर या अमेरिकी मरीन दलातील निवृत्त अधिकाऱ्याने मनाच्या सावधतेच्या चार पायऱ्या रंगांच्या नावांनी सांगितल्या आहेत. पांढरा म्हणजे पूर्ण बेसावध. पिवळा म्हणजे निवांत, पण आजूबाजूचे भान असलेला. नारिंगी म्हणजे एखाद्या विशिष्ट गोष्टीकडे लक्ष गेले आहे आणि पुढे काय करायचे याचा विचार सुरू झाला आहे. लाल म्हणजे कृतीची वेळ. कूपर बंदुकीचा पुरस्कर्ता होता, त्याचे सर्वच विचार आपल्याला पटण्याजोगे नाहीत. पण हा हिशोब उपयोगाचा आहे. व्यापाऱ्याने दिवसभर पिवळ्या पायरीवर असावे. नारिंगीवर सदा राहता येत नाही; तसा प्रयत्न करणारा माणूस महिन्याभरात आजारी पडतो आणि प्रत्येक गिऱ्हाइकावर खेकसू लागतो.

पिवळ्या पायरीवर पाहायचे काय? माणसाचे कपडे, भाषा, जात, गाव यांवरून काहीही कळत नाही. बाजाराच्या दिवशी धडगाव-मोलगीकडून अनवाणी आलेला, दुकानात शिरताना बिचकणारा माणूस बहुधा सर्वांत प्रामाणिक गिऱ्हाईक असतो, हे आपल्या आजोबांना ठाऊक होते. पाहायचे ते वागणे. माल न पाहता गल्ल्याकडे आणि आतल्या दाराकडे पाहणारा. काही न घेता तीनदा येऊन जाणारा. गर्दी ओसरण्याची वाट पाहत समोरच्या ओट्यावर थांबणारा. बोलता बोलता आपल्यातले अंतर कमी करत येणारा. एक हात सतत दिसणार नाही असा ठेवणारा. असे काही दिसले की मोठ्या, मोकळ्या आवाजात विचारावे, ‘या भाऊ, काय दाखवू?’ आणि त्याच्या डोळ्यांत पाहावे. आपण त्याला पाहिले आहे, एवढे त्याला कळणे पुष्कळदा पुरते. आणि तो खरोखर गिऱ्हाईक असेल, तर त्याला केवळ आदरच मिळालेला असतो.

गल्ल्याची जागा दारातून दिसू नये. दुकान वाढवताना दोघे असावेत. शटर पूर्ण ओढल्यावरच रक्कम मोजावी, अर्ध्या शटरखाली मोजू नये. रोकड रोज त्याच वाटेने, त्याच वेळी, त्याच रंगाच्या पिशवीतून नेण्याची सवय सोडावी. चौविहार करणाऱ्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवणाला जाण्याची वेळ ठरलेली असते आणि ती साऱ्या गल्लीला माहीत असते. त्या अर्ध्या तासात दुकानावर कोण आहे याचा विचार कोणी करत नाही. आठवडे बाजाराला टेम्पो घेऊन जाणाऱ्यांनी चांदसैली किंवा देवगोईचा घाट उजेडात उतरावा. घाटात भ्रमणध्वनीला जाळे मिळेलच असे नाही, म्हणून निघण्यापूर्वी घरी एक फोन करून निघालो आहोत आणि अमुक वाजेपर्यंत पोहोचू, असे सांगून ठेवावे. सारंगखेड्याच्या यात्रेविषयी निराळे काय सांगावे? घोडे पाहताना खिसा विसरू नये, इतकेच.

प्रत्यक्ष खटका उडाला की प्रथम शरीर बदलते. छाती धडधडते, हात थरथरतात, आवाज वर जातो, नजर आकुंचित होऊन फक्त समोरचा चेहरा किंवा त्याच्या हातातील वस्तू दिसते. हा भित्रेपणा नव्हे. संकटात रक्तात उतरणाऱ्या संप्रेरकांचे हे कार्य आहे, आणि ते शूरांच्याही देहात होते. सावकाश दोन श्वास सोडावेत. काउंटर आपल्या आणि त्याच्या मध्ये ठेवावा. काउंटर ओलांडून बाहेर जाऊ नये, हे तरुणांनी विशेष लक्षात घ्यावे. हात उघडे, छातीच्या उंचीवर, तळवे समोर. यात विनवणीही दिसते आणि वेळ पडल्यास चेहराही झाकता येतो. आवाज त्याच्यापेक्षा हळू असावा. ‘तुम्ही रागावलात हे मला दिसते आहे, पण बिलाशिवाय मला परत घेता येत नाही, उद्या मालकांना विचारून सांगतो’ अशा वाक्यात त्याला बाहेर पडण्याची वाट असते. चारचौघांसमोर त्याचा पाणउतारा केला तर ती वाट बंद होते. क्रोधापेक्षाही मान हा कषाय अशा प्रसंगी जास्त घात करतो, कारण तो दोन्ही बाजूंना असतो.

आणि समोरच्याच्या हातात शस्त्र असेल तर रक्कम देऊन टाकावी. व्यापाऱ्याच्या जिवाला हे फार जड जाते, याची मला कल्पना आहे. पण गल्ल्यातील रक्कम पुन्हा मिळवता येते. तीर्थंकर महावीर चंडकौशिक सर्पासमोर निश्चल उभे राहिले, ही कथा आपण मुलांना सांगतो आणि सांगावीच. तिचा अर्थ चाकू घेतलेल्या माणसासमोर सूनबाईंनी ध्यान लावून बसावे, असा कोणी करू नये. गृहस्थाचा धर्म निराळा आहे. शास्त्रांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद केले, आणि श्रावकाने संकल्पी हिंसा सर्वथा सोडावी असे सांगितले. स्वतःचे, कुटुंबाचे, आश्रिताचे रक्षण करताना घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही, हे त्यांनी जाणले होते. ती जेवढी कमी करता येईल तेवढी करायची, एवढाच उपदेश.

गंमत अशी की, देशाचा कायदाही जवळजवळ याच शब्दांत बोलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ ही खासगी संरक्षणाच्या हक्काची आहेत. जुन्या भारतीय दंड संहितेत तीच ९६ ते १०६ होती. स्वतःच्या व दुसऱ्याच्या शरीराचे आणि मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मात्र कलम ३७ म्हणते की, रक्षणासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि पोलिसांकडे धाव घेण्यास वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. धोक्याची रास्त भीती निर्माण होताच हक्क सुरू होतो, ती संपताच हक्कही संपतो. याचा व्यवहारातील अर्थ साधा आहे. तो माणूस काउंटर ओलांडून अंगावर आला आणि आपण त्याला ढकलले, तर तो बचाव. तो पाठ फिरवून चालू लागला आणि आपण चार जण त्याच्या मागे धावून चौकात त्याला धरून मारले, तर आपण आरोपी. आपल्यासमोर दखलपात्र व अजामिनपात्र गुन्हा करणाऱ्याला नागरिकाने पकडण्याची मुभा कायद्यात आहे, पण त्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावे लागते, आणि त्या सहा तासांत त्याला मारण्याची मुभा कुठेही नाही. पाच किंवा अधिक जणांनी जात, समुदाय, जन्मस्थान, भाषा यांसारख्या कारणावरून कोणाला ठार मारल्यास कलम १०३ नुसार प्रत्येकाला मृत्युदंड किंवा आजन्म कारावास होऊ शकतो.

म्हणून काउंटरखालच्या हत्याराविषयी माझे मत स्पष्ट आहे : ठेवू नये. सणावाराच्या किंवा निवडणुकीच्या दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडून महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश वारंवार निघतात, त्यांत शस्त्रे, लाठ्याकाठ्या बाळगण्यास बंदी असते. ते निराळे. खरा मुद्दा हा की, झटापटीत ते हत्यार कोणाच्या हातात जाईल हे सांगता येत नाही, आणि ज्या मुलाने आयुष्यात कोणाला चापट मारली नाही त्याचा हात ऐनवेळी थबकतो. समोरच्याचा थबकत नाही. त्याऐवजी मोठा आवाज करणारी घंटा बसवावी, जी शेजारच्या दोन दुकानांत वाजेल.

तरुण म्हणतात, मग हा भ्याडपणाच झाला. त्यांना नंदुरबारचेच उदाहरण देतो. ९ सप्टेंबर १९४२ रोजी हातात तिरंगा घेऊन पोलिसांच्या बंदुकींसमोर उभा राहिलेला शिरीषकुमार मेहता हा व्यापारी घरातला मुलगा होता, वय अवघे पंधरा. तो आणि त्याचे चार सोबती त्या दिवशी गोळीबारात बळी पडले. माणिक चौकातून जाताना आपण त्यांच्या स्मारकासमोर मान लववतो, ती ते संतापले होते म्हणून नव्हे. बिलाशिवाय परत आलेल्या वस्तूवरून चौकात हातघाईवर येणाऱ्याने त्यांचे नाव घेऊ नये.

प्रसंग संपल्यानंतरचा पहिला अर्धा तास मोलाचा असतो, आणि तोच सर्वांत वाया जातो. शेजारी जमतात, चहा येतो, प्रत्येकजण विचारतो, आणि दहाव्यांदा सांगताना ती कथा बदललेली असते. अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मोटारींच्या टकरीची एकच फीत पाहिलेल्या विद्यार्थ्यांना वेगाचा अंदाज विचारताना, काहींना गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ अशा अर्थाचा शब्द वापरला, तर काहींना ‘चक्काचूर झाल्या’ अशा अर्थाचा. दुसऱ्या गटाने वेग अधिक सांगितला. प्रश्नातला एक शब्द आठवण वाकवतो, तर गल्लीतल्या पंचवीस जणांचे प्रश्न काय करत असतील?

म्हणून चहाआधी कागद घ्यावा. हजर असलेल्या प्रत्येकाने एकमेकांशी न बोलता आपापले लिहावे : वेळ, अंदाजे वय, उंची, चालण्याची ढब, बोलीचा हेल, डाव्या की उजव्या हाताने काउंटर आपटला, वाहन असल्यास त्याचा क्रमांक, कोणत्या दिशेला गेला, आणि धमकीचे नेमके शब्द. ते शब्द लिहिताना संकोच करू नये. अपशब्द असतील तर तेच लिहावेत, सभ्य करून लिहू नयेत. माहीत नाही ते कोरे सोडावे. कॅमेऱ्याचे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून त्याच रात्री त्या वेळेचा भाग वेगळा साठवावा, आणि कॅमेऱ्याचे घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती मिनिटे पुढे-मागे आहे तेही टिपून ठेवावे. न्यायालयात असे चित्रण सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते. पोलीस किंवा आपले वकील त्याचा नमुना देतील.

धोका समोर असताना ११२ हा क्रमांक फिरवावा. तो फोन आपल्या गावच्या ठाण्यात न लागता राज्याच्या नियंत्रण कक्षात लागतो. ‘मी मंगळ बाजारातून बोलतोय’ एवढ्याने तेथील कर्मचाऱ्याला काहीच कळत नाही. प्रथम जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग जवळची ठळक खूण, आणि त्यानंतर काय घडते आहे ते. घरातील मुलांकडून आणि आजींकडून हे वाक्य एकदा म्हणवून घ्यावे. रेल्वेने सुरत किंवा भुसावळकडे जाणाऱ्यांसाठी १३९ आहे.

माणूस निघून गेला असेल तरी तक्रार द्यावी. ‘काहीच चोरीला गेले नाही, मग तक्रार कशाची?’ असे वडीलधारे विचारतात. तक्रार धमकीची. अशा प्रकारांत पुष्कळदा अदखलपात्र म्हणून नोंद होते, ज्याला आपण एनसी म्हणतो. पोलिसांनी लगेच तपास केला नाही तरी नोंद राहते. तोच माणूस दोन महिन्यांनी दुसऱ्या दुकानात असेच वागला, तर आपली नोंद त्या दुकानदाराच्या कामी येते. प्रकार दखलपात्र असेल तर प्रथम माहिती अहवालाची प्रत विनामूल्य मिळण्याचा फिर्यादीला हक्क आहे. तक्रार देताना मनात वैर धरावे लागत नाही. सांवत्सरिक क्षमापनेच्या दिवशी त्यालाही क्षमा करता येते, आणि तक्रार मागे न घेताही करता येते.

सूनबाईंना काउंटरवरून उठवण्याविषयी मात्र मला आईंशी नम्रपणे असहमत व्हावे लागते. ज्या मुलीने खटका उडत असताना गल्ला बंद केला, मुलाला आत पाठवले आणि गाडीचा क्रमांक लक्षात ठेवला, तिला दुसऱ्या दिवसापासून घरात बसवणे ही शिक्षा झाली. आठवडाभर तिच्यासोबत आणखी कोणी बसावे, घंटेची कळ तिच्या हाताशी असावी आणि पुढे काय करायचे ते तिच्याशी बोलून ठरवावे. नंतर काही दिवस दचकणे, तोच प्रसंग डोळ्यांसमोर येणे, झोपमोड होणे हे स्वाभाविक आहे. बहुतेकांचे ते हळूहळू ओसरते. महिना उलटूनही तसेच राहिले, किंवा माणूस त्या रस्त्याने जाणेच टाळू लागला, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. शासनाच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथे बोलण्यास पैसे पडत नाहीत आणि दुकान बंद ठेवावे लागत नाही. पुरुषांनीही हा क्रमांक जवळ ठेवावा. आपल्याकडे पुरुषाची झोप उडाली तर त्याचे खापर उधारीवर फोडले जाते.

लहान मुलाने तो प्रकार पाहिला असेल तर त्याला ‘काही झाले नाही’ असे सांगू नये; त्याने पाहिले आहे. एक काका खूप रागावले, आम्ही शांत राहिलो, पोलिसांना सांगितले, आता आपण सुरक्षित आहोत, एवढे पुरे. ‘अनोळखी माणसे वाईट असतात’ हे वाक्य तर मुळीच त्याच्या कानी घालू नये.

कारण आपल्या संघातील सर्वांत पूज्य माणसे बहुतेक ठिकाणी अनोळखीच असतात. राईनपाड्याच्या घटनेनंतर हा विचार माझ्या मनातून गेलेला नाही. आपले साधू-साध्वी पहाटेच्या अंधुक उजेडात अपरिचित गावांतून पायी जातात. त्यांचा वेष त्या गावाला परका, भाषा परकी. मुखवस्त्रिकेमुळे कित्येकदा चेहराही दिसत नाही. ते न कळवता एखाद्या दारी गोचरीसाठी उभे राहतात, अंगणातल्या मुलाकडे पाहून आशीर्वादाचा हात उंचावतात. डवरी गोसावीही भिक्षेसाठीच फिरत होते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांनी आजवर आपल्या त्यागींचे स्वागतच केले आहे, त्यांना पाणी दिले आहे, शाळेची खोली उघडून दिली आहे. ती गावे अनोळखी माणसाकडे कोणत्या नजरेने पाहतात, यावर त्यांचा विहार अवलंबून आहे; आणि त्या नजरेत भय घालणारा एखादा संदेश आपल्याच गटातून निघालेला नसेल, एवढे तरी आपल्या हाती आहे.

कार्तिकी पौर्णिमेनंतर चातुर्मास उठेल आणि विहार सुरू होतील. विहारसेवेत जाणाऱ्या मंडळींनी मुक्कामाच्या प्रत्येक गावच्या सरपंचांना व पोलीस पाटलांना आदल्या दिवशी फोन करून किती साधू-साध्वी, कोणत्या वाटेने, किती वाजता येत आहेत ते कळवावे. सोबतच्या किमान एका श्रावकाला स्थानिक बोली यावी. मार्गाच्या ज्या यादीत आपण मुक्कामाची ठिकाणे आणि गोचरीची घरे लिहितो, त्याच यादीत पोलीस पाटलांचा क्रमांकही लिहून ठेवावा.